टपाललखोट्याची साक्ष : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन टपालशिक्के व इतिहाससंशोधन

जुन्या पत्रव्यवहाराकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. इतिहासाचा अभ्यासक पत्रातील मजकूर उतरून घेतो आणि लखोटा बाजूस सारतो. टपालवस्तूंचा संग्राहक लखोटा जिवापाड जपतो, आणि आतील पत्राची वाट काय झाली याची त्याला बहुधा फिकीर नसते. याहूनही एक पायरी पुढे गेलेला संग्राहक तिकीट पाण्यात भिजवून सोडवतो, किंवा शिक्क्यापुरता चौकोन कापून वहीत चिकटवतो. या सर्व व्यवहारात एकाच साधनाचे तुकडे होतात व प्रत्येक तुकडा मुका होतो. लखोटा हा स्वतःच एक लेख आहे आणि तो अखंड असेल तरच वाचता येतो, हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन टपालाच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम टपालहशिलाचा विचार करू. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी टपालतिकिटे १ जुलै १८४७ रोजी प्रचारात आली. त्यापूर्वीच्या पत्रांवर हशिलाचा आकडा हाताने लिहिलेला किंवा शिक्क्याने उमटविलेला असे, आणि तो भरण्याचा भार बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडे. १८२५ ते १८४५ या काळात एका कागदाच्या पत्रास ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० मैलांपर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत पावणेएकोणीस आणि त्यापुढे २५ सेंट पडत. कागद दोन असल्यास आकार दुप्पट, तीन असल्यास तिप्पट होई. वेगळे पाकीट हाही एक कागदच गणला जात असल्यामुळे लोक पत्राचीच घडी घालून तिच्या पाठीवर पत्ता लिहीत. साडेबारा व पावणेएकोणीस हे आकडे आज विचित्र वाटतात. परंतु त्या काळी स्पॅनिश चांदीची नाणी अमेरिकेत सर्रास चालत, आणि डॉलरचा आठवा हिस्सा असलेला एक रेआल म्हणजे साडेबारा सेंट, तर दीड रेआल म्हणजे पावणेएकोणीस. ही नाणी कायद्याने १८५७ मध्ये बंद झाली. रुपयाचे सोळा आणे मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांना या हिशेबात नवल वाटले नसते.

आता एका घडीपत्रावर साडेसदतीस असा आकडा आहे असे समजू. हा पावणेएकोणिसाचा दुप्पट होतो आणि साडेबाराचा तिप्पटही होतो. केवळ आकड्यावरून निर्णय करता येत नाही. परंतु शिक्का बॉस्टनचा व पत्ता न्यूयॉर्कचा असेल, तर अंतर १५० मैलांहून अधिक असल्याने पत्र दोन कागदांचे होते. शिक्का फिलाडेल्फियाचा असेल, तर अंतर १५० मैलांच्या आत येते व पत्र तीन कागदांचे ठरते. आज त्या घडीत एकच कागद शिल्लक असेल, तर एक किंवा दोन कागद हरवले आहेत हे लखोट्याची पाठच सांगते. मजकुरापुरते पाहणाऱ्या संशोधकास हे कधीच कळणार नाही. उलट, केवळ शिक्का कापून ठेवणाऱ्याजवळ ना पत्ता उरतो, ना आकडा.

कालनिर्णयातही हीच पद्धत उपयोगी पडते. त्या काळातील कित्येक टपालशिक्क्यांत महिना व दिवस असतो, वर्ष नसते. अशा वेळी हशिलाचे कायदे मदतीस येतात. १ जुलै १८४५ पासून कागदांची मोजणी जाऊन वजन आले. अर्ध्या औंसास ३०० मैलांपर्यंत ५ सेंट व त्यापुढे १० सेंट ठरले. १ जुलै १८५१ पासून ३,००० मैलांपर्यंत आगाऊ भरल्यास ३ सेंट आणि न भरल्यास, म्हणजे आपल्याकडील ‘नॉटपेड’ पत्रास, ५ सेंट झाले. १ एप्रिल १८५५ पासून देशांतर्गत पत्रांचे हशील आगाऊ भरणे सक्तीचे झाले व १ जानेवारी १८५६ पासून तिकीट लावणेही सक्तीचे झाले. न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला गेलेल्या, वर्ष नसलेल्या साध्या पत्रावर केवळ ५ सेंट वसूल करण्याचा शिक्का असेल, तर ३०० मैलांहून अधिक अंतरामुळे ते १८५१ च्या जुलैपूर्वीचे असू शकत नाही, आणि आगाऊ भरणा सक्तीचा झाल्यामुळे ते सामान्यतः १८५५ च्या मार्चनंतरचेही नसते. व्यापारी पेढ्यांचे कारकून घडीच्या पाठीवर पत्र मिळाल्याची नोंद करीत. ती उपलब्ध असल्यास हा निष्कर्ष पडताळूनही पाहता येतो.

समुद्रमार्गे आलेल्या पत्रांचा हिशेब निराळा होता. खाजगी जहाजाच्या कप्तानाने आणलेले पत्र बंदराच्या गावीच द्यावयाचे असल्यास ६ सेंट, आणि पुढे पाठवावयाचे असल्यास अंतर्गत हशिलावर २ सेंट अधिक पडत. त्यामुळे बॉस्टन बंदरातून न्यूयॉर्कला गेलेल्या एका कागदाच्या पत्रावर पावणेएकवीसचा आकडा दिसला, तर जहाजाचा शिक्का पुसट झाला असला तरी पत्र परदेशातून आले हे ओळखता येते. मराठी अभ्यासकाला या नियमाचे विशेष महत्त्व आहे. बॉस्टन येथे मुख्य कचेरी असलेल्या अमेरिकन मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. तेथील मिशनऱ्यांच्या पत्रांचा प्रवास व विलंब समजून घेताना पत्रांच्या पाठीवरील खुणा मजकुराइतक्याच बोलक्या ठरतात.

शिक्क्यांच्या दुर्मिळतेविषयी संग्राहकांत पुष्कळ चर्चा असते. तिचा पाया केवळ हौस नसून लोकवस्तीचा इतिहास आहे. १७९० मध्ये संयुक्त संस्थानांत ७५ टपालकचेऱ्या होत्या. १८६० मध्ये त्यांची संख्या २८,४९८ झाली व १९०१ मध्ये ती ७६,९४५ या सर्वोच्च आकड्यास पोहोचली. यांपैकी असंख्य कचेऱ्या खाणीच्या, रेल्वेच्या किंवा नव्या शेतीच्या आशेने निघाल्या व काही वर्षांत बंद पडल्या. लहान कचेऱ्यांतील पोस्टमास्तर गावाचे नाव व तारीख हातानेच लिहीत. इलिनॉय संस्थानातील न्यू सेलम येथे १८३३ ते १८३६ या काळात अब्राहम लिंकन पोस्टमास्तर होते. १८३५ मधील त्यांचे वेतन ५५ डॉलर ७० सेंट होते. १८३६ मध्ये ती कचेरी बंद झाली व गावही लवकरच ओस पडले. त्या काळी पोस्टमास्तरांचे वेतन टपालाच्या उत्पन्नावर अवलंबून असे, आणि त्याचे आकडे सरकारी नोंदपुस्तकांत प्रसिद्ध होत. म्हणून कोणत्या गावातून किती पत्रे जात असतील याचा अंदाज त्या आकड्यांवरून बांधता येतो, आणि दुर्मिळता ही ऐकीव गोष्ट न राहता अनुमानाचा विषय होते.

यादवी युद्धाच्या काळातील लखोटे या दृष्टीने सर्वांत बोलके आहेत. फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संस्थानांचे स्वतंत्र टपालखाते १ जून १८६१ रोजी सुरू झाले. उत्तरेकडील सरकारने जुनी तिकिटे रद्द करून नवी काढली, कारण दक्षिणेत अडकलेला तिकिटांचा साठा उपयोगात येऊ नये अशी त्याची इच्छा होती. दक्षिणेची स्वतःची तिकिटे ऑक्टोबर १८६१ मध्ये निघाली. तोपर्यंत अनेक ठिकाणी हशील भरल्याचा केवळ शिक्का मारीत, आणि काही पोस्टमास्तरांनी स्वतःचीच तिकिटे छापली. पुढे कागदाची इतकी टंचाई झाली की भिंतीला लावण्याच्या रंगीत कागदाची पाकिटे करण्यात आली, आणि वापरलेली पाकिटे उलटून पुन्हा वापरण्यात आली. अशा उलटलेल्या पाकिटाच्या आत एक प्रवास व बाहेर दुसरा प्रवास नोंदलेला असतो. वहीत घट्ट चिकटविल्यास त्यांपैकी एक कायमचा झाकला जातो.

साधन जितके मोलाचे, तितका बनावटीचा मोह अधिक. तिकिटे निघाल्यानंतरही १८५५ च्या अखेरीपर्यंत बिनतिकिटाची पत्रे रूढ असल्यामुळे, अशा अस्सल पत्रावर मागाहून तिकीट चिकटविणे ही परिचित लबाडी आहे. तिची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत. तिकिटाची किंमत त्या अंतराच्या दराशी जुळते काय? शिक्क्याची तारीख त्या तिकिटाच्या वैध काळात पडते काय? आणि शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरली आहे काय? १८४७ चे ५ सेंटांचे एकच तिकीट न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला गेलेल्या पत्रावर दिसल्यास शंका घ्यावी, कारण तेथे १० सेंट पडत. तसेच ही तिकिटे १ जुलै १८५१ पासून अवैध ठरली होती. मात्र एका विसंगतीवरून घाईने निकाल देऊ नये. काही कचेऱ्या हशिलाच्या आकड्याचा शिक्काच तिकीट रद्द करण्यासाठी वापरीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सारांश, दर, मार्ग आणि तारीख ही एकाच साक्षीची तीन अंगे होत. ती परस्परांशी जुळली तर लखोटा विश्वसनीय ठरतो व मजकुरात नसलेली माहिती देतो. न जुळली तर तो बनावट असतो, किंवा आपले नियमांचे ज्ञान अपुरे असते. यास्तव कोणत्याही दप्तरातील पत्रे हाताळणाऱ्या विद्यार्थ्याने लखोटा पत्रापासून वेगळा करू नये. नक्कल करताना पाठीवरील आकडे, शिक्के व नोंदी जशाच्या तशा उतरून घ्याव्यात, आणि तिकीट सोडविण्याचा मोह सर्वथा टाळावा. मजकुराची नक्कल हरवली तर मूळ पत्रावरून ती पुन्हा करता येते, परंतु कापलेला लखोटा पुन्हा जोडता येत नाही.