यकृतातील अर्बुदांचे निदान : प्रतिमा आणि जीवोतक परीक्षा

बहुतेक घन अर्बुदांच्या बाबतीत ऊतकाचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून कर्करोगाचे निदान निश्चित मानले जात नाही. यकृतपेशींचा प्राथमिक कर्करोग हा या नियमाला महत्त्वाचा अपवाद होय. परंतु तो सशर्त आहे.

या अपवादाचे मूळ यकृताच्या दुहेरी रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त प्रवेशिका नीलेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून, व उरलेले यकृत-धमनीतून मिळते. कर्करोगाच्या गाठीचे पोषण मात्र मुख्यत्वे धमनीवर अवलंबून राहते. म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य देऊन सी.टी. अथवा एम.आर.आय. केले असता धमनी-अवस्थेत गाठ सभोवतालच्या यकृताहून उजळ दिसते व पुढील अवस्थांत तीच काळसर पडते. सन २००० च्या बार्सिलोना परिषदेत युरोपीय तज्ज्ञांनी प्रतिमाधिष्ठित निदानास मान्यता दिली. पुढे निकषांत सुधारणा होऊन १ सेंटिमीटर व त्याहून मोठ्या गाठींनाही ते लागू झाले.

अट ही की, रुग्णास सिऱ्होसिस किंवा दीर्घकालीन 'ब' कावीळ यांसारखा कर्करोगास पोषक विकार असला पाहिजे. अशा यकृतात कर्करोगाचा संभव मुळातच अधिक असल्याने उपरोक्त चिन्ह जवळजवळ निर्णायक ठरते. निरोगी यकृतात तेच चिन्ह ॲडिनोमासारख्या सौम्य अर्बुदातही आढळू शकते. बड-किआरी विकारातील सौम्य गाठीही अशाच फसव्या असतात. तेथे केवळ प्रतिमेवर विसंबल्यास कर्करोग नसलेल्या रुग्णावर कर्करोगाचे उपचार होण्याचा धोका आहे.

१९५८ साली मेंगीनी यांनी सुई यकृतात राहण्याचा काळ सुमारे एका सेकंदावर आणला आणि जीवोतक परीक्षा, म्हणजेच बायॉप्सी, पुष्कळ सुकर झाली. तरीही ती निर्दोष नव्हे. रक्तस्रावाचे भय असते, आणि सुईच्या मार्गात कर्कपेशी रुजू शकतात. २००८ मधील एका एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण २.७ टक्के आढळले. यकृत-प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही जोखीम लहान नाही. शिवाय लहान गाठीतून सुई चुकण्याचा संभव असल्याने नकारात्मक निष्कर्षाने कर्करोग नाही असे सिद्ध होत नाही.

रक्तवाहिन्यांचे सौम्य अर्बुद, म्हणजे हिमँजिओमा, कडेपासून केंद्राकडे हळूहळू उजळत जाते. त्याची प्रतिमा नमुनेदार असल्यास सुईचे प्रयोजन उरत नाही. उलट, प्रतिमा संदिग्ध असल्यास, पित्तनलिकेच्या कर्करोगाची शंका असल्यास, अथवा मूळ स्थान अज्ञात असलेला कर्करोग यकृतात पसरला असल्यास ऊतकावाचून गत्यंतर नसते.

तात्पर्य, दोन पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती हा प्रश्नच अपुरा आहे. गाठ कशी दिसते यापूर्वी ती कोणत्या यकृतात आहे, हे पाहिले पाहिजे. प्रतिमेच्या साक्षीचे मोल त्यावरून ठरते.