केराचं सोनं

लहानपणी मुरगूडच्या पेठेत एका सोनाराच्या पेढीपुढं उभं राहिलं की मला एक गोष्ट चमत्कारिक वाटायची. बाकीचे दुकानदार सकाळी झाडलोट करून केर रस्त्यावर ढकलायचे. हे गृहस्थ मात्र केर सुपलीत भरून आत न्यायचे आणि पत्र्याच्या डब्यात ओतून वर झाकण लावायचे. हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जात नसे, त्याला वेगळी बादली होती. "काका, केर कशाला ठेवताय?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "झारेकऱ्याचा आहे त्यो."

झारेकरी म्हणजे सोनाराची माती धुऊन तिच्यातलं सोनं काढणारा. कानस चालली की कीस उडतो, पॉलिश करताना त्याहून बारीक भुकटी उडते. ती पाटाच्या फटीत, चटईत, कारागिराच्या केसांतसुद्धा जाऊन बसते. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ पेठेत दुकानं उघडायच्या आधी रस्ता आणि गटाराच्या कडा झाडून माती गोळा करणारी माणसं असतात, ती याच धंद्यातली. पेढीवरची माती उक्ती विकली जाते. डब्यात किती सोनं आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं. तोळा लाखापुढं गेल्यापासून हा सौदा भलताच नाजूक झाला आहे.

ही विद्या नदीकाठीही होती. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात बालाघाट, चांदा, संबळपूर या भागांत नदीची वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या सोनझारा लोकांची नोंद आहे. आपल्या बाजूला पाहायचं तर धारवाडकडच्या कप्पतगुड्ड डोंगरातल्या ओढ्यांत जालगार लोक हेच करत. त्या मुलखातला शिरहट्टी तालुका तर सांगली संस्थानाचाच होता. आमच्या मुरगूडच्या वेदगंगा नदीच्या वाळूत सोनं सापडल्याचं मात्र ऐकिवात नाही. वेदगंगेनं आम्हाला ऊस दिला. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोक सुट्टीच्या दिवशी हौसेनं परात घेऊन ओढ्यात बसतात. त्यांचं दुखणंही झारेकऱ्याचंच आहे: जाड कण कुणालाही सापडतो, खरी परीक्षा परातीच्या तळाशी उरलेल्या काळ्या गाळात असते.

झारेकरी आधी माती जाळतो. केस, दोरे, लाख, मेण जळून राख झाली की ती कुटून चाळतो. चाळण्याला फार महत्त्व आहे. सोनं वाळूच्या तब्बल सातपट जड (वाळूची घनता २.६५, सोन्याची १९.३), पण वाळूचा मोठा खडा आणि सोन्याची बारीक भुकटी एकत्र धुतली तर पाण्याच्या लाटेबरोबर भुकटीच आधी वाहून जाते. म्हणून एका मापाचे कण एका वेळी धुवायचे. मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून कानशीचा लोखंडी चुरा उचलायचा. कागद अशासाठी की तो सोडवला की चुरा आपोआप झडतो. उघड्या चुंबकाला तो असा चिकटतो की दिवसभर खरवडत बसावं लागतं.

मग परात. पाणी घेऊन आधी जोरात हलवायची, म्हणजे जड ते खाली बसतं. नंतर हळूहळू तिरपी करत वरचा गाळ काठावरून सोडायचा. शेवटी गाळाची काळी शेपटी उरते आणि तिच्या टोकाला पिवळी रेघ दिसते. इथंच नवखा फसतो. अगदी बारीक भुकटी इतकी जड असूनही पाण्यावर तरंगते, कारण पाण्याचा पृष्ठताण तिला बुडू देत नाही. त्यावर उपाय सोनाराच्या घरात असतोच: रिठ्याचं पाणी. चार थेंब टाकले की ताण मोडतो आणि सोनं तळाला जातं. परदेशातले हौशी लोक भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकतात. मला रिठाच पसंत.

एवढं करूनही जे हाताला लागत नाही त्याच्यासाठी पारा. पारा सोन्याला पोटात घेतो, फडक्यातून पिळला की जादा पारा गळून पडतो आणि घट्ट गोळा उरतो. तो तापवला की ३५७ अंशांना पारा उकळून उडून जातो आणि सोनं राहतं. पण उडून जातो तो कुठं? तापवणाऱ्याच्या छातीत. त्या वाफेला ना रंग ना वास, म्हणून माणूस बेसावध राहतो. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ साली झाला. फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांतातले छोटे खाणवाले पाऱ्याऐवजी टाकणखार, म्हणजे आपली सवागी, वापरतात: गाळ नीट धुवून कमी करायचा आणि सवागी घालून मुशीत थेट वितळवायचा. सवागी आपल्या प्रत्येक सोनाराच्या फळीवर असते.

मुशीतून निघतं ते शुद्ध सोनं नसतं, त्यात चांदी-तांबं असतं. पुढचं काम गलाईवाल्याचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्याचं. विटा, खानापूर, आटपाडी, माण-खटावकडची ही माणसं देशभरच्या सराफ कट्ट्यांवर पसरली आहेत. गंमत अशी की ते सोनं शुद्ध करायला आधी त्यात चांदी घालतात. सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी झाली की नायट्रिक आम्ल आतपर्यंत पोचतं. तांबूस धूर निघतो, तांब्यामुळं द्राव निळा-हिरवा होतो आणि तळाला तपकिरीसारखी भुकटी उरते. पहिल्यांदा पाहणारा ती फेकून देईल. तीच मुशीत घालून १०६४ अंशांपुढं नेली की पिवळीधमक लगड होते. द्रावात तांब्याची पट्टी सोडली की घातलेली चांदीही परत मिळते.

कुणाला हौस म्हणून हे करून पाहायचं असेल तर ओळखीच्या सोनाराकडून मूठभर माती मागून घ्या. चाळण, परात, चुंबक आणि रिठा एवढ्यावर पिवळी रेघ दिसेपर्यंत मजल जाते. पारा आणि तेजाब मात्र घरात आणू नका. तिथून पुढची माती गलाईवाल्याच्या हवाली करा.