मगर चावली, पण कागदावर काय लिहिले?

दापोडीला पवना मुळेला मिळते. पावसाळ्यात नद्या फुगल्या की काठच्या वस्तीला सापांची धास्ती. तिकडे सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी भिलवडी, औदुंबर भागात मगरीची. मोटार बघायला, म्हशी धुवायला पाण्यात उतरावे तर लागतेच. विपरीत घडले की आपण दवाखाना गाठतो. पण तिथे केसपेपरवर काय लिहिले, हे कधी वाचता का?

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांना आणि जखमांना क्रमांक ठरवून दिले आहेत. दहाव्या यादीत जखमेचा क्रमांक वेगळा, कारणाचा वेगळा. पोटरीची उघडी जखम एस ८१. ती मगरीने केली तर सोबत डब्ल्यू ५८. अजगर, घोरपड यांना डब्ल्यू ५९, विषारी सापाला एक्स २०. क्रमांक लागतो तो डॉक्टरांच्या लिहिण्यावरून. नुसते 'पायाला जखम' लिहिले, तर मगर कागदावर येतच नाही. मगरीने ओढलेला माणूस 'नदीत बुडाला' असे लिहिले, तर तो डब्ल्यू ६९ मध्ये, बुडालेल्यांत मोजला जातो.

यात नुकसान आपलेच. मगरीच्या हल्ल्याची भरपाई वनखाते देते. शेतकरी सर्पदंशाने दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. दोन्हीकडे कारणाचा पुरावा लागतो.

गावाचेही नुकसान आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः घरोघर विचारपूस करून निघाला, कारण पुष्कळ माणसे दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. नोंदच नसेल तर सर्पदंशाच्या इंजेक्शनांचा जादा साठा कोणत्या आधारावर मागणार?

तेव्हा जीव आधी, कागद नंतर. साप चावल्यास आवळून बांधू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका; थेट दवाखाना गाठा. उपचार सुरू झाले की घरातल्या एका जाणत्याने डॉक्टरांना सांगावे: कशाने चावले, कुठे, किती वाजता. तसे लिहिले का, ते वाचून घ्यावे. मगरीची घटना वनरक्षकाला आणि पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवावी, पंचनामा करून घ्यावा.

आणि सुटीचा कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा. अडचणीच्या दिवशी दोन्ही सारखेच लागतात.