तेरातून नऊ: टोकियोहून माजलगावच्या शिक्षकांना

टोकियो: गावाकडून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो, तिकडची पोरं गणितात एवढी पुढं कशी? विचारणाऱ्याकडं उत्तरही तयार असतं. अबॅकस, संगणक, शिस्त. आपल्याकडं तालुक्याच्या गावीही अबॅकसचे क्लास निघालेत. इथल्या प्राथमिक शाळेत मात्र सोरोबान, म्हणजे तोच मण्यांचा अबॅकस, तिसरी-चौथीत जेमतेम काही तास शिकवतात. बाकीचं गणित खडू, फळा आणि वहीवरच चालतं.

मी माजलगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर इथं शिकायला आलेली. इथं मला चकित केलं ते शिक्षकांनी. मुलं आपल्यासारखीच आहेत, बोटं मोजतात, चुकतात, खिडकीबाहेर बघत बसतात.

पहिलीचा एक वर्ग सांगते. पाठ होता तेरातून नऊ वजा करण्याचा. पंचेचाळीस मिनिटांचा तास, समोर मुलं आणि भिंतीला टेकून शाळेतले इतर सगळे शिक्षक उभे, शिवाय शेजारच्या शाळांतले. प्रत्येकाच्या हातात पाठाचं टाचण. कुणी मुलांना मदत करत नव्हतं, कोणत्या मुलानं काय लिहिलं आणि खोडलं तेवढं टिपून घेत होते. एका मुलानं दहातून नऊ काढले, उरलेला एक आणि बाजूचे तीन मिळून चार केले. दुसऱ्यानं आधी तीन काढून दहा केले, मग सहा काढले. बाईंनी दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि तास संपेपर्यंत काही पुसलं नाही.

खरा तास मुलं घरी गेल्यावर सुरू झाला. ज्या बाईंनी पाठ घेतला त्या आधी बोलल्या, मग बाकीचे. चर्चा कशावर, तर तेरातून नऊच का? बारातून तीन घेतले असते तर मुलं आधी दोन काढून दहावर आली असती. नऊ दहाच्या लगत आहे, म्हणून मूल सरळ दहातूनच काढू बघतं. एका संख्येच्या निवडीवर मोठी माणसं एवढा वेळ बोलतात, आणि ती निवड पाठ्यपुस्तकात मुळातच विचारानं केलेली असते. याला इथं जुग्यो केंक्यू म्हणतात, पाठाचा अभ्यास. बहुतेक प्राथमिक शाळांत तो या ना त्या रूपात चालतो.

मला आठवलं ते आपलं एक प्रशिक्षण. सभागृह, प्रोजेक्टर, स्लाइडवर अध्ययन निष्पत्तींची यादी, ती वाचून दाखवणारे सुलभक आणि चहानंतर हजेरीची सही. समोर मूल एकही नाही. ज्यांना रोज तेरातून नऊ शिकवायचे आहेत, त्यांना कुणी विचारलं नाही की तुमच्या वर्गात हे कुठं अडतं. सुलभकांचा राग नाही, त्यांनाही तीच स्लाइड तशीच मिळाली होती.

इथं अभ्यासक्रम साधारण दहा वर्षांनी बदलतो. या वेळचा मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला आणि प्राथमिक शाळांत पूर्णपणे लागू झाला एप्रिल २०२० मध्ये. मधली दोन शैक्षणिक वर्षं सरावाची. वेगाचा धडा सहावीतून पाचवीत आला, मध्यक आणि बहुलक सहावीत आले, पाचवीच्या सुसम बहुभुजांत प्रोग्रॅमिंग शिरलं. प्रत्येक बदल का केला हे सांगणारं गणिताचं स्वतंत्र सरकारी पुस्तक निघतं. शिक्षकांच्या टेबलावर त्याच्या प्रती मी पाहिल्या, पानोपानी खुणा केलेल्या. पुढच्या बदलाची चर्चा डिसेंबर २०२४ मध्ये रीतसर सुरूही झाली.

आपल्याकडं २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाचं काय झालं ते आठवा. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जुन्या संख्यानामांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचायची सोय दिली. जुनं काढलं नव्हतं, शेजारी नवं ठेवलं होतं. जपानी मूल तेराला ‘दहा-तीन’ म्हणतं, म्हणून त्याला त्यातला दहा कानावरच पडतो. आपल्या तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि शाळेत त्याला एकोणतीस व एकोणचाळीस यांत गोंधळायला होतं. त्याच्यासाठी ही सोय होती. पण महाराष्ट्रभर टिंगल झाली, विधिमंडळात गाजावाजा झाला, आणि वर्गात हे कसं वापरायचं हे शिक्षकाला धड समजावण्याआधीच विषय चेष्टेचा होऊन बसला. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांनी मांडलेला प्रश्न अजून आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गांत तसाच बसलेला आहे.

चाचण्यांबद्दल तर मी जास्तच चिडते. इथं २००७ पासून साधारणपणे एप्रिलमध्ये सहावीची आणि माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाची राष्ट्रीय चाचणी होते (२०११ ला भूकंपामुळं आणि २०२० ला कोरोनामुळं झाली नाही). त्यानंतर राष्ट्रीय शिक्षण धोरण संशोधन संस्था कोणतं चुकीचं उत्तर किती मुलांनी दिलं आणि ते का दिलं असावं, हे छापते आणि त्यावर पाठांच्या कल्पना सुचवते. आपल्याकडं पॅट, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते, गुण आम्ही चॅटबॉटवर भरतो, परत येतात टक्के. त्रेचाळीसमधून अठरा वजा करताना एका मुलानं पस्तीस लिहिले, कारण आठातून तीन वजा केले. दुसऱ्यानं एकसष्ट लिहिले, कारण बेरीजच केली. दोघांनाही शून्य. पण पहिल्याला दशक सुटा करणं शिकवायचं आहे आणि दुसऱ्याला चिन्ह बघायला. चॅटबॉटला यातलं काही कळत नाही, बाईंना कळतं, आणि बाईंना कुणी विचारत नाही.

हे सांगितलं म्हणून कुणी जपानला स्वर्ग समजू नये. इथंही वर्तमानपत्रं चाचणीतले प्रांतांचे क्रमांक छापतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत इथले प्राथमिक शिक्षक आठवड्याला ५४ तासांहून जास्त काम करताना आढळले. तरुण मंडळी या नोकरीकडं पाठ फिरवू लागली आहेत. पण ओकिनावाची गोष्ट मला सोडवत नाही. २००७ च्या चाचणीत हा प्रांत तळाला होता. त्यांनी २००९ पासून आपले शिक्षक वर असलेल्या अकिता प्रांतात पाठवले, अकिताचे स्वतःकडं आणले. पुढं २०१४ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांनी तळ सोडला. मागं पडलेल्या तालुक्याला नोटीस देण्याऐवजी सोबती देता येतो, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही.

आणि आपल्यापाशी जे आहे त्याची इथल्या लोकांना कल्पना नाही. इथं वर्गाची मर्यादा पस्तीस मुलांवर आणली आहे. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, एका कोपऱ्यात चिंचोके मांडून दशक शिकवायचा आणि दुसरीकडं चौथीचा भागाकार तपासायचा, हे मी सांगितलं तेव्हा माझ्या इथल्या प्राध्यापकांनी वही काढली. दिवाळीनंतर ऊसतोडीला निम्मा वर्ग कारखान्याकडं निघून जातो, हे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. ऊसतोडीहून परत आलेल्या मुलाचं गणित कुठं थांबलं होतं हे शोधायची चाचणी कुणी बनवावी? ती आपल्या सिंदफणा नदीकाठच्या शिक्षकांनीच बनवावी लागेल.

आपल्याकडं दर महिन्याला शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होतेच. दिवस ठरलेला असतो, शिक्षक जमतात, चहाही असतो. केंद्रप्रमुखांना माझी विनंती आहे, पुढच्या परिषदेत परिपत्रक वाचायचा तास वगळा आणि परिषद ज्या शाळेत भरेल तिथल्या दुसरीच्या खऱ्या मुलांसमोर कुणाला तरी वजाबाकीचा पाठ घेऊ द्या. बाकीच्यांनी मागं बसून फक्त मुलांच्या वह्या बघाव्यात. नंतर तासभर बोलावं, पाठ घेणाऱ्याला नावं न ठेवता. गटशिक्षणाधिकारी आले तर त्यांनाही मागच्या बाकावर बसवा. यासाठी निधी लागत नाही, नवा शासननिर्णयही नाही.