खजूर : गुण किती, भरवसा किती

मराठी घरांत खजूर आणि खारीक यांचा प्रवेश ठराविक प्रसंगीं होतो. उपवासाच्या दिवशीं फराळांत खजूर येतो. ओटी भरतांना नारळ, हळकुंड व सुपारी यांच्या जोडीला खारीक असते. आणि बाळंतिणीसाठीं डिंकाचे लाडू वळावयाचे झाले म्हणजे खारकेची पूड आधीं करून ठेवावी लागते. या सर्व प्रसंगांमागें एक जुनी समजूत आहे. ती ही कीं, खजूर शक्ति देतो आणि रक्त वाढवितो. या समजुतीचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र फारच थोडा खरा आहे. आणि घरांत गर्भवती सून किंवा माहेरीं आलेली लेक असतां हा भेद ओळखला नाहीं, तर त्याचा भुर्दंड तिला व तिच्या मुलाला सोसावा लागतो. म्हणून हें फळ येतें कोठून, त्यांत असतें काय आणि त्याच्यावर भरवसा किती ठेवावा, याचा नीट विचार होणें अगत्याचें आहे.

खजुराचें झाड उष्ण व कोरड्या मुलखांतलें. अरबस्तान, इराक, इराण, इजिप्त आणि उत्तर आफ्रिका हें त्याचें खरें घर. खजुराचे पाय पाण्यांत आणि डोकें आगींत असावें, अशी अरब लोकांत म्हण आहे. मुळांना भरपूर पाणी हवें, पण फळ पिकावयास कडक ऊन व कोरडी हवा हवी. पिकत्या घडावर पाऊस पडला कीं फळ नासतें. आपल्या इकडील पावसाळा नेमका त्याच सुमारास येतो, त्यामुळें महाराष्ट्रांत त्याची लागवड जुन्या काळापासून रुजली नाहीं. कच्छांतील शेतकऱ्यांनीं यावर एक तोड काढली आहे. ते फळ पुरतें पिकण्याची वाट न पाहतां जून-जुलै महिन्यांत पिवळे किंवा तांबडे, करकरीत घड उतरवितात. मुंबई-पुण्याच्या बाजारांत याच दिवसांत दिसणारें तें ताजें फळ म्हणजे कच्छी खारेक. २०२४ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें.

या झाडांत नर वेगळा व मादी वेगळी. फळ धरतें तें मादीला. वाऱ्यावर विसंबून राहिल्यास पीक बेभरंवशाचें होतें, म्हणून माणूस झाडावर चढून नराचा पराग मादीच्या फुलोऱ्यांत स्वतःच्या हातानें घालतो. एका नराचा पराग पन्नासएक माद्यांना पुरतो. ही विद्या फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व १८ व्या शतकांतील बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांत, बाग परागसिंचनासाठीं माळ्याकडे दिल्यास त्यानें उत्पन्नाचे दोन तृतीयांश मालकास द्यावे, असें कलम आहे. आणि दुसऱ्याच्या बागेंतील झाड तोडणारास अर्धा मीना चांदीचा दंड सांगितला आहे. ज्या देशांत धान्य थोडें व वाळवंट फार, तेथें हें झाड म्हणजे चालतें कोठार होतें, हें त्या दंडावरून सहज कळतें.

फळाच्या वाढीच्या चार अवस्थांना अरबी भाषेंत चार नांवें आहेत. हिरवें तें किमरी, रंग चढलेलें व करकरीत तें खलाल, मऊ पडलेलें तें रुतब आणि झाडावरच सुकत आलेलें तें तमर. दुकानांतील खजूर तो बहुधा तमर. खलाल अवस्थेंतील फळें पाण्यांत उकळून उन्हांत कडकडीत वाळविलीं म्हणजे त्यांची खारीक होते. ओमान आणि सिंधमधील खैरपूर येथें हा धंदा मोठा आहे. तेव्हां खजूर थंड आणि खारीक गरम, किंवा एक हलका व दुसरी जड, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. फळ एकच आहे. खारकेंत पाणी कमी, इतकाच मुख्य फरक.

या झाडाची एक बहीण मात्र महाराष्ट्रांत घरोघर आहे. ओढ्याकांठीं वाढणारी शिंदी ही जातीनें खजुराचीच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं जिची पूजा होते ती केरसुणी शिंदीच्या पानांची असते. शिंदीचा ताजा रस म्हणजे नीरा; तो आंबला कीं ताडीसारखी मादक शिंदी होते. बंगाल्यांत हिवाळ्यांतला प्रसिद्ध खजुरी गूळ याच झाडाच्या रसाचा करतात. तिचें फळ मात्र लहान, बी मोठी आणि गर नांवापुरता. त्यामुळें खाण्याचा खजूर परदेशांतून येत राहिला.

आतां फळाच्या अंगच्या गुणांकडे वळणें योग्य होईल. मेजूल नांवाच्या मोठ्या जातीचे चार खजूर बी काढून घेतले तर त्यांचें वजन साधारण १०० ग्रॅम भरतें. त्यांत सुमारें ६६ ग्रॅम साखर, पावणेसात ग्रॅम चोथा, जवळजवळ ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ५४ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतें. पोटॅशियमचें हें प्रमाण तेवढ्याच वजनाच्या केळ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. प्रथिनें दोन ग्रॅमहूनहि कमी, क जीवनसत्त्व नसल्यासारखेंच. उष्मांक २७७. आणि ज्यासाठीं खजुराची एवढी ख्याति, तें लोह सुमारें एक मिलिग्रॅम. जात, जमीन व सुकविण्याची तऱ्हा यांप्रमाणें हे आंकडे थोडे खालीं-वर होतात. पण चित्र बदलत नाहीं.

या आंकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. खजूर हें मुख्यतः इंधन आहे. त्यांतील साखर लवकर रक्तांत उतरते आणि थकलेल्या शरीराला हुशारी येते. दिवसभर रोजा पाळणारे मुसलमान बांधव सायंकाळीं खजुरानें उपवास सोडतात, यांत शरीराच्या दृष्टीनें मोठें शहाणपण आहे. एकादशीच्या दिवशीं तुपांत परतलेल्या साबुदाण्याची बशी रिचविण्यापेक्षां चार खजूर व एक पेला दूध पोटाला सोसणारें आहे. चरकसंहितेंत औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे गट सांगितले आहेत. त्यांत खजुराची गणना द्राक्षें, बोर, डाळिंब व ऊंस यांच्यासमवेत श्रमहर गटांत केलेली आहे. श्रमहर, म्हणजे शीण घालविणारा. हा शब्द किती मोजका व किती अचूक आहे, हें आजच्या पृथक्करणावरून पटतें.

दुसरा खरा गुण चोथ्याचा. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठांत वीस-बावीस निरोगी माणसांना तीन आठवडे रोज सुमारें ५० ग्रॅम, म्हणजे सात लहान खजूर देऊन पाहण्यांत आलें. त्यांचें शौचाचें प्रमाण सुधारलें, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. प्रयोग लहान असला तरी अनुभवाशीं जुळणारा आहे.

प्रसूतीसंबंधींहि एक पाहणी बोलली जाते. जॉर्डन देशांत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ६९ गर्भवतींनीं शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, तर ४५ जणींनीं खाल्ले नाहींत. पहिल्या गटांत शेंकडा ९६ जणींना कळा आपोआप सुरू झाल्या, दुसऱ्या गटांत शेंकडा ७९ जणींना. मात्र कोणी खजूर खावा व कोणी खाऊं नये, हें तेथें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें. म्हणून ही गोष्ट आशादायक म्हणावी, सिद्ध म्हणूं नये.

आतां रक्ताचा प्रश्न. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांत १५ ते ४९ वर्षें वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं ५७ जणींना रक्तक्षय आहे. हा रोग केवळ गरिबांच्या झोंपडींतला नाहीं. शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतहि तो आहे. गर्भवतीस रोज सुमारें २७ मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावें, असें भारतीय आहारशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं ठरविलें. तें एकट्या खजुरांतून मिळवावयाचें तर रोज अडीच किलोहून अधिक खजूर खावा लागेल, आणि त्याबरोबर सात हजार उष्मांक पोटांत जातील. उलट, सरकारी योजनेंत गर्भवतींना जी गोळी मिळते तिच्यांत ६० मिलिग्रॅम लोह व सोबत फॉलिक आम्ल असतें, आणि ती १८० दिवस घ्यावयाची असते.

तरीहि ही गोळी फडताळांत पडून राहते आणि तिची जागा लाडू घेतात. याचें कारण अज्ञान एवढेंच नाहीं. गोळीनें मळमळतें, मल काळा होतो, बद्धकोष्ठ होतें. सुनेचा चेहरा उतरलेला पाहून सासूबाई प्रेमानेंच म्हणतात, "राहूं दे ती गोळी, त्यापेक्षां दोन खारका दुधांत उकळून घे." सूनहि सुटल्यासारखी होऊन ऐकते. प्रेम खरें, पण हिशेब चुकतो. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव झेपत नाहीं आणि मूल कमी वजनाचें होण्याचा संभव वाढतो.

वास्तविक येथें खजुराला काम आहे, पण तें गोळीच्या जागीं बसण्याचें नव्हे, गोळीला साथ देण्याचें. बद्धकोष्ठ झाल्यास रोज तीन-चार लहान खजूर, पुरेसें पाणी व पालेभाजी यांनीं पुष्कळदां उतार पडतो आणि गोळी घेणें सुसह्य होतें. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊं नये. लिंबाचें सरबत किंवा आंवळा यांच्याबरोबर घेतल्यास लोह अधिक अंगीं लागतें. त्रास फार झाल्यास गोळी आपल्या मनानें न सोडतां डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

कांहींनीं खजूर जपूनच खावा. संयुक्त अरब अमिरातींत २०११ सालीं पांच जातींची परीक्षा झाली. ग्लुकोजमुळें रक्तांत चढणारी साखर १०० धरल्यास खजुरामुळें ती साधारण ४३ ते ५५ चढते, असें दिसलें. म्हणून मधुमेही माणसानें एखाददुसरें फळ जेवणाच्या हिशेबांत धरून खाण्यास हरकत नसते. पण "ही नैसर्गिक साखर" म्हणून वाडगा पुढें ओढणें घातक. मूत्रपिंडाचा विकार असणारांना पोटॅशियम बाधतें. त्यांनीं डॉक्टरांस विचारूनच खावें. चिकट गर दांतांना धरून बसतो, म्हणून मुलांना खजूर दिल्यावर चूळ भरावयास लावावी, आणि अगदीं लहान मुलांना बी काढल्यावांचून देऊं नये.

डिंकाचे लाडू घरांत जरूर व्हावे, ओटींतली खारीकहि असूं द्यावी. खजूर शीण घालवितो आणि पोट साफ ठेवण्यास मदत करतो. तेवढ्यासाठीं तो आनंदानें खावा. रक्त किती आहे हें मात्र वैद्यकीय तपासणीनेंच ठरवावें, आणि तें कमी निघाल्यास गोळीची डबी लाडवांच्या डब्याशेजारींच, नजरेसमोर ठेवावी.