एक्स्प्लेनर : भिंतीवरची गोगलगाय देशी की आफ्रिकन? मोबाइलवर असा काढा फोटो

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण लबाड माणसासाठी वापरतो. पण विज्ञानातही या जीवांच्या गटाचे नाव ‘गॅस्ट्रोपोडा’, म्हणजे अक्षरशः ‘पोट-पाय’ असेच आहे. पावसाची झड लागली की ओल्या भिंती, कुंड्या, पालापाचोळा आणि भाजीच्या कचऱ्यात गोगलगायी दिसू लागतात. दिसली की मिठाची पुडी शोधू नका, आधी मोबाइल काढा.

ओळख का महत्त्वाची?

२०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली.

आफ्रिकन गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखअभ्यासकाने ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली. ती एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड पडद्याने बंद करून ती महिनोन्महिने पडून राहते. त्यामुळे माती, रोपे, क्रेट आणि गाड्यांसोबत तिचा सहज प्रवास होतो.

कळमन्याचा काय संबंध?

कळमना मार्केटमध्ये विदर्भासह परराज्यांतूनही माल येतो आणि पुढे जातो. संत्रा, भाजीपाल्याच्या अशा मोठ्या बाजाराभोवती नवी कीड वेळीच ओळखली, तर ती शेतापर्यंत पोहोचण्याआधी रोखता येते.

फरक कसा ओळखाल?

पूर्ण वाढलेल्या आफ्रिकन गोगलगायीचा शंख लांबट, निमुळता आणि तपकिरी असतो. त्यावर गडद उभे पट्टे दिसतात. तो तळहात व्यापेल इतका मोठा होऊ शकतो. अनेक देशी गोगलगायी मात्र लहान असतात, काहींचा शंख चपटा असतो. त्या कुजका पाला खाऊन मातीला खत देतात, पक्ष्यांचे खाद्यही होतात. पिल्ले ओळखणे अवघड असते, म्हणून फोटो नीट हवा.

फोटो कसा काढाल?

- वेळ : पाऊस थांबल्यावर, पहाटे किंवा रात्री.
- कोन : बाजूने, वरून आणि शंखाच्या तोंडाकडून, असे किमान तीन फोटो.
- फोकस : वरच्या लांब शिंगांच्या टोकाला डोळे असतात. मोबाइल जमिनीलगत धरून तिथे टॅप करा.
- प्रकाश : फ्लॅशने ओला शंख चकाकतो. बाजूने टॉर्च मारून समोर पांढरा कागद धरा.
- माप : शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवा.
- नोंद : तारीख, ठिकाण आणि ती कशावर होती, हे लिहा.

‘आयनॅचरलिस्ट’ या मोफत ॲपवर फोटो टाकल्यास जाणकार ओळख पटवायला मदत करतात.

ही काळजी घ्या

गोगलगायींमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा परजीवी कृमी असू शकतो. उघड्या हाताने धरू नका, मुलांना खेळू देऊ नका. हात साबणाने आणि पालेभाज्या भरपूर पाण्याने धुवा.

आफ्रिकनच असल्याची खात्री झाली, तर हातमोजे घालून ती साबण-मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट जमिनीवर टाकल्यास माती खराब होते. शेताच्या बांधावर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे टाकली, तर सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचता येतात. प्रादुर्भाव जास्त असेल तर कृषी विभागाला फोटोसह कळवा.