पहिल्या रोज्याची दुपार

रमजान सुरू झाला की एक छोटी बातमी हमखास छापून येते. सात-आठ वर्षांच्या चिमुकल्याने आयुष्यातला पहिला रोजा पूर्ण केला. फोटोत गळ्यात हार, डोक्यावर जरीची टोपी, शेजारी कौतुकाने फुललेले आजी-आजोबा. हा फोटो संध्याकाळचा. त्या मुलाची खरी कसोटी लागलेली असते दुपारी तीनच्या सुमाराला. घर आडवे झालेले, स्वयंपाकघरात गार पाण्याचा माठ आणि बघायला कोणी नाही.

लहान मुलांवर रोजा फर्ज नाही, वयात आल्यावरच तो बंधनकारक होतो. तरी मुले हट्ट धरतात, कारण पहाटे सहेरीला जागे झालेले घर त्यांना खुणावते. मदिनेत आशुराच्या रोज्याला मुले भुकेने रडू लागली, तर आया लोकरीची खेळणी देऊन इफ्तारपर्यंत त्यांना रमवत, अशी आठवण हदीसमध्ये आहे. दटावल्याचा उल्लेख नाही.

आणखी एक प्रसंग. एका आईने मुलाला हाक मारली, ‘ये, तुला काहीतरी देते.’ प्रेषित मुहम्मद (स.) तेव्हा त्यांच्या घरी होते. काय देणार, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला सांगितले.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचताना हीच आई आठवते. तीन ते पाच वर्षांची २८ मुले. निम्म्या मुलांना आधी चांगले रंग, स्टिकर देण्याचे कबूल केले आणि दिले. उरलेल्यांना नुसतेच कबूल केले. मग प्रत्येकापुढे एक गोड मिठाई ठेवली. पंधरा मिनिटे थांबलास तर दोन मिळतील. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, फसलेली जेमतेम तीन. तीही हावरी नव्हती. थांबून काही मिळत नाही हे नुकतेच शिकली होती.

घरोघरी हा प्रयोग रोज चालतो. अब्बांचा रोजा असतो, फोन वाजतो आणि ‘घरी नाहीत म्हणून सांग’ असे ते मुलालाच सांगतात. सायकलचे आश्वासन तर ईदमागून ईद पुढे सरकते.

म्हणून त्या दुपारी मुलगा कबुली द्यायला येतो, तो क्षण मोलाचा.

‘अम्मी, मी पाणी प्यालो.’

इथे ओरडा बसला तर पुढच्या वेळी तो पाणी पिईलच, फक्त सांगणार नाही. समंजस आई त्याला जेवू घालते आणि संध्याकाळी दस्तरख्वानवर त्याच्याही हातात खजूर ठेवते. मग तो हळूच विचारतो, ‘उद्या सहेरीला उठवशील?’

ती ‘हो’ म्हणाली असेल, तर पहाटे तो कितीही गाढ झोपलेला दिसला तरी त्याला उठवावेच लागते.